पंखा बंद करून विचारलेलं फूल

माझं लग्न शेवंतीच्या एका पाकळीनं पक्कं केलं, हे मला लग्न होऊन चांगलं वर्ष उलटल्यावर कळलं. तोवर माझी भाबडी समजूत अशी की ते मी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून पक्कं केलं होतं, ऑफिसच्या कँटीनमध्ये, गोडसर सांबारात इडली बुडवता बुडवता.

मी पुण्याची. बंगळुरूला आले ती आयटीतल्या नोकरीसाठी, आणि शिरले चामराजपेटेतल्या एका मराठी घरात. हे लोक इथे इतक्या पिढ्या राहिलेत की आपलं मूळ गाव कुठलं यावर त्यांच्यात अजून वाद होतात. माझ्या माहेरी देवघर होतं, पण त्यात देवांपेक्षा जुन्या किल्ल्या आणि रबरबँड जास्त. वडील सत्यनारायणाला जायचे ते आरती संपताना, प्रसादाच्या बेतानं. मी त्यांच्याही पुढची: मी प्रसाद खायचे आणि वर वाद घालायचे. कुणी ‘श्रद्धा’ हा शब्द काढला की माझ्या कपाळावर आठी पडते, ती आजही पडते, आणि ती लपवायची कला मला साधलेली नाही.

सासरच्या घरात हॉलच्या भिंतीत एक कोनाडा आहे आणि त्यात काळ्या दगडाची, वीतभर उंचीची देवी. तिला साडी नेसवतात, शुक्रवारी तिच्यासाठी गोड करतात आणि अडीअडचणीला तिला ‘फूल विचारतात’. आपल्याकडे ज्याला कौल लावणं म्हणतात तेच हे. इथे कानडी शेजाराच्या संगतीनं त्याचं फूल विचारणं झालं. एका शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवीच्या दोन खांद्यांवर एकेक चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. देवीची उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. हे काम घरातल्या थोरल्या पुरुषाचं. भाऊबंद, सोयरे, शेजारी, सगळे आपले प्रश्न घेऊन या घरी यायचे. कुणाचं लग्न, कुणाची जागा, कुणाचं दुबईला जाणं. मी सून होऊन येण्यापूर्वी माझ्याबद्दलही विचारलं होतं. उजवी पडली म्हणून मी आत.

हे मला सांगितलं सासऱ्यांनी. त्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, मीही अण्णा म्हणते. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते तेव्हा ते कॉफीचा पेला घेऊन वर आले आणि अगदी सहज बोलून गेले. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. मला इतका राग आला की आधी कुणावर रागवावं तेच कळेना. अण्णांनी मला पूर्ण रागवू दिलं, कॉफी संपवली आणि म्हणाले, “देवीवर कशाला चिडतेस? तुझं लग्न पंख्यानं लावलंय.”

अण्णांबद्दल आधी सांगायला हवं. त्यांची सगळी नोकरी पीण्या या बंगळुरूच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गेली, तपासणी खात्यात. बाहेरून बनवून आलेले सुटे भाग मापून बघायचे, बरोबर असले तर आत घ्यायचे, नसले तर परत पाठवायचे. पीण्यातले छोटे कारखानदार त्यांना टरकून असत, कारण अण्णांशी घासाघीस चालत नसे. देवाधर्मावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. ते देवळात जात नाहीत, पण त्याचा गाजावाजाही करत नाहीत. ग्रहणाच्या दिवशी मात्र न चुकता बाहेर जेवायला जातात. ग्रहणात हॉटेलं रिकामी असतात, डोसा लगेच मिळतो आणि चटणी मागावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला हा माणूस पहिल्या आठवड्यातच आवडला होता.

असा माणूस आणि तोच देवीला फूल विचारणारा! पूर्वी हे काम त्यांचे थोरले भाऊ करायचे. माझं फूलही त्यांनीच विचारलं होतं. त्यानंतर काही महिन्यांत ते वारले आणि थोरलेपण अण्णांच्या गळ्यात पडलं. त्यांनी आधी साफ नकार दिला होता. मग सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. शेवटी अण्णांनी एका अटीवर मान्य केलं. काय पडलं ते मी सांगेन, म्हणाले, कुणी पाडलं ते मला विचारायचं नाही.

आता पंख्याचं. थोरल्या काकांच्या काळात देवी फार उदार होती. जो विचारेल त्याला हो. अण्णांच्या तपासणी खात्यातल्या डोक्याला हे खटकलं. ज्या कारखान्याचा एकही नग कधी परत जात नाही तिथे माल चांगला नसतो, तपासणारा झोपलेला असतो, असं त्यांचं मत. म्हणून एका दुपारी घरात कुणी नसताना ते पाकळ्या आणि वाटीभर पाणी घेऊन देवीसमोर बसले. हॉलचा पंखा चालू असला की उजवी पडायची. पंखा बंद असला की कधी ही, कधी ती. त्यांनी वर बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. कोनाड्याच्या एका अंगाला भांड्यांचं मोठं लोखंडी कपाट आहे, ते देवीच्या डाव्या बाजूला येतं. त्या बाजूला वारा पोचतच नाही. उजव्या खांद्यावरची पाकळी आधी सुकते आणि पडते. माणसं जमली की उकडतं, उकडलं की पंखा लागतो, पंखा लागला की देवी हो म्हणते. कित्येक वर्षं निम्म्या गोतावळ्याचे संसार त्या पंख्याखाली ठरत होते.

मी विचारलं, मग तुम्ही काय केलं? पंखा बंद करायला लागलो, म्हणाले.

पुढची गंमत तर याहून भारी. अण्णा फूल विचारायच्या आधी उठून पंखा बंद करायचे, दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या आणि एकाच मापाच्या निवडायचे आणि पडल्यावर दर वेळी एकच वाक्य बोलायचे: “डावी पडली. पाणी आधी सुकलं.” किंवा “उजवी पडली. पाणी आधी सुकलं.” त्यांच्या दृष्टीनं त्यांनी सगळ्यांना सगळं सांगून टाकलं होतं. पण लोकांनी त्याचा मंत्र केला. अण्णा ‘पाणी आधी सुकलं’ म्हणाले की सगळे हात जोडत. देवी आता अधूनमधून नको म्हणायला लागली, तशी तिची पत वाढली. जी नाही म्हणते ती खरीच असणार, असा हिशोब. आणि पंखा बंद करणं हा तर धर्मच होऊन बसला. मल्लेश्वरमच्या एका आत्यांनी मला समजावून सांगितलं की देवी त्या वेळी ध्यानात असते, तिला वारा लागता कामा नये. त्यांच्याकडेही आता फूल विचारताना पंखा बंद ठेवतात, आणि त्यांच्या कोनाड्याजवळ तर कपाटही नाही.

मी अण्णांवर उखडले. म्हटलं, तुम्ही अंधश्रद्धा घालवायला निघालात आणि एक नवीन घालून ठेवलीत. पंखा का बंद करता ते सांगून का टाकत नाही? ते म्हणाले, विचारलं तर सांगेन की. तू विचारलंस, तुला सांगितलं. बाकी कुणी विचारत नाही.

यावरून आमची कितीदा तरी खडाजंगी झाली. माझं म्हणणं, की पाकळीला अक्कल नसते हे ठाऊक असूनही तिला लोकांच्या आयुष्याचं विचारणं हा अन्याय आहे. तुम्ही हात झटकून बाजूला व्हायला हवं होतं. त्यांचं म्हणणं, की मी बाजूला झालो असतो तर धाकट्या भावानं पंखा लावून केलं असतं. निदान माझ्याकडे माप तरी सरळ आहे. मला ते आजही पुरतं पटलेलं नाही. पण इतकी वर्षं इतक्या लोकांनी डोळ्यांत प्राण आणून बघावं आणि आपण एकदाही त्यांच्या मर्जीखातर जीभ वळवू नये, हे मला तरी जमलं नसतं.

आणि मग काही वर्षांनी अक्काचं प्रकरण आलं.

अक्का म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. इथे थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून माझीही अक्काच. शाळेत गणित शिकवते. तिचा नवरा आजारपणात गेला, तेव्हा ती पस्तिशीत होती. मूलबाळ नव्हतं. ती परत माहेरी आली आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहू लागली. रडारड नाही, तक्रार नाही. पण संध्याकाळी पेपर तपासायला बसली की दिवा लावायचंही तिच्या ध्यानात राहायचं नाही, आणि सासूबाई वर जाऊन दिवा लावून यायच्या. असं बरंच चाललं. मग कधीतरी आमच्या लक्षात आलं की अक्का हल्ली गुणगुणते.

कारण होतं पीण्यातले एक गृहस्थ. गिअर बनवायचा छोटासा कारखाना, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरचे कानडी. अक्काच्या शाळेच्या कसल्याशा समितीवर ते होते, तिथे ओळख. अण्णा त्यांना आधीपासून ओळखायचे. कसा माणूस आहे, असं मी विचारलं, तर म्हणाले, त्याचा माल मी दोनदा परत पाठवलाय. दुसऱ्यांदा भांडला नाही, सुधारून घेऊन आला. अण्णांच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मी ऐकलेलं नाही.

अण्णांचा होकार पहिल्या दिवसापासून. माझा आणि माझ्या नवऱ्याचा तर होताच. अडलं होतं ते सासूबाईंपाशी. त्या दुष्ट नाहीत, हे मला इथे ठासून सांगायचं आहे, कारण अशा गोष्टीत सासूला खलनायिका करायची आपल्याला फार सवय. त्या घाबरल्या होत्या. त्यांच्या घराण्यात विधवेचं लग्न कधी झालेलं नव्हतं. पहिला जावई गेला तो आपल्याच कुठल्या चुकीनं, असं त्यांनी मनाशी घेतलेलं. पुन्हा तसंच झालं तर, हा प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. अण्णांनी समजावलं तर म्हणाल्या, तुम्ही कशालाच मानत नाही, तुमच्या होकाराला काय वजन? मग एके दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी जाहीर केलं.

“सरी, ठीक आहे. शुक्रवारी फूल विचारू या. देवी हो म्हटली तर मी स्वतः हळद लावते.”

आणि नको म्हटली तर, हे कुणी विचारलं नाही. उत्तर अक्कानंच देऊन टाकलं होतं. तिनं त्या गृहस्थांना सांगून ठेवलं होतं की आईनं हळद लावली तरच, नाहीतर नाही. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, अगं, तू वर्गात मुलांना सिद्धता लिहायला लावतेस आणि स्वतःचं आयुष्य पाकळीवर टांगतेस? ती शांतपणे म्हणाली, की पाकळीवर नाही, आईवर. तू पुण्याला आईवडिलांना सोडून आलीस, तुला जमलं. नवरा गेल्यावर मला हिनं उचलून उभं केलं. हिच्या मनाविरुद्ध मी सुखी होऊ शकत नाही. मी तिथून उठले, पण आतून धुमसत होते.

गुरुवारी पहाटे अण्णा फुलं आणायला सिटी मार्केटला निघाले, मीही सोबत गेले. एरवी मी त्या फुलबाजारात जात नाही. चिखल, ओरडाआरडा, डोक्यावर टोपल्या घेतलेली माणसं अंगावर येतात. अण्णा शेवंतीच्या ढिगासमोर उकिडवे बसून एकेक फूल फिरवून बघत होते. मी ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. सरळ म्हटलं, “अण्णा, उद्या पंखा बंद करू नका.”

त्यांनी कळलं नसल्याचं सोंग केलं नाही. फूल हातात धरून म्हणाले, “मलाही सुचलं होतं. तुझ्या आधी.”

“मग?”

“मग आजवर ज्यांना मी डावी सांगितली, त्यांचं काय?”

मी म्हटलं, ते गेले खड्ड्यात. ते हसले. मग उठले आणि बाजारातून बाहेर पडेपर्यंत सांगत राहिले. पुतण्याला यशवंतपूरची जागा घ्यायची होती, डावी पडली, त्यानं नाद सोडला. भाचीचं जमत आलेलं स्थळ डावी पडली म्हणून सुटलं. पुढे तिचं दुसरीकडे झालं, पण त्या वेळी ती याच कोनाड्यासमोर रडली होती. त्या सगळ्यांना वाटत होतं की अण्णा सरळ माणूस आहे, पडेल ते सांगतो. आता स्वतःच्या लेकीची वेळ आली म्हणून मी पंखा लावायचा? मी म्हटलं, तुम्हाला लेकीपेक्षा पाकळी मोठी आहे. त्यावर ते थांबले. त्यांचा चेहरा असा झाला की मला जीभ चावावीशी वाटली. पण ते रागावले नाहीत. रस्ता ओलांडताना माझा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

शुक्रवार उजाडला तो उकाडा घेऊनच. वैशाख होता. बंगळुरूची हवा थंड असते हे आता फक्त बाहेरगावच्या लोकांना वाटतं. सासूबाईंनी देवीला हिरवी साडी नेसवली होती. तबकात हळद, कुंकू, नारळ, वाटीत पाणी. अक्का साध्या सुती साडीत भिंतीला टेकून बसली होती, परीक्षा घेणारी बाईच परीक्षेला बसावी तशी. माझा नवरा खुर्चीत, मोबाइल उपडा ठेवून. मी सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभी राहिले. दाराजवळच विजेची बटणं आहेत. ती जागा मी मुद्दाम धरली होती आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

अण्णा अंघोळ करून पंचा नेसून आले. दाराजवळ येऊन पंखा बंद केला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. एका फुलाच्या दोन पाकळ्या काढल्या, एकीवर एक ठेवून माप बघितलं, पाण्यात बुडवल्या, एकेक करून देवीच्या खांद्यांवर चिकटवल्या. सासूबाईंनी प्रश्न विचारला. माझ्या लेकीनं हा संसार करावा का, एवढंच.

मी थोडी थांबले. मग पाठीमागे हात नेला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. पंखा हलला नाही. मी पुन्हा वर केलं, पुन्हा दाबलं. तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरातला फ्रिजही गुरगुरत नाहीये. करंट गेला होता. उन्हाळ्यात तो रोज जातो, कधी सकाळी, कधी दुपारी. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ, त्यात काही अर्थ नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की हे तिनंच केलं. मी त्या काळ्या दगडाकडे बघितलं आणि मनातल्या मनात तिला भलतंसलतं बोलले. आयुष्यात तेवढा एक क्षण मी आस्तिक होते, आणि तोही भांडणाच्या पवित्र्यात.

पाकळी पडली.

“डावी,” अण्णा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच काढायचा प्रयत्न होता. “पाणी आधी सुकलं.”

अक्कानं मान खाली घातली. माझा नवरा खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला. मी सासूबाईंकडे बघितलं, तेव्हा त्या डोळे उघडत होत्या. म्हणजे इतका वेळ त्यांनी ते मिटले होते. हे विचित्र होतं. इतर वेळी त्या पापणी न लववता पाकळ्यांकडे बघत बसतात. एकदा दारावर पोस्टमन आला तरी हलल्या नव्हत्या.

“नीट बघितलंत?” त्यांनी विचारलं.

“बघितलं.”

“मी बघत नव्हते,” त्या म्हणाल्या. “मुद्दाम डोळे मिटले होते. तुम्ही उजवी म्हटलं असतं तर मी मानलं असतं.”

अण्णा जमिनीवर बसले. हळूहळू, हात टेकून. मला एकदम ते म्हातारे दिसले.

“ठाऊक होतं मला,” ते म्हणाले. “तू डोळे मिटलेस तेव्हाच कळलं.”

“मग लेकीसाठी एवढंसुद्धा…”

“तू विचारलंस काय पडलं. मी पडलं तेच सांगतो म्हणून तर विचारतेस ना?” आणि मग त्यांचा आवाज फुटला. “माझं मत विचार. एकदा तरी ते विचार की.”

अक्का उठली. राहू दे आई, कॉफी करते, असं काहीसं म्हणाली आणि पाण्याची वाटी उचलायला वाकली. तिचा चेहरा रोजच्यासारखा होता, आणि तेच मला सहन होईना. मी बोलायला तोंड उघडलं. पंखा, कपाट, करंट, सगळंच ओकून टाकणार होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “बस खाली.” आधी मला वाटलं मलाच म्हणतायत.

त्या अक्काला म्हणत होत्या. मग त्या देवीकडे वळल्या. हात जोडले नाहीत. जाऊबाईशी बोलावं तशा बोलल्या.

“तू तुझं सांगितलंस, मी ऐकलं. आजवर तुझा शब्द मोडला नाही. पण ही लेक माझी आहे. हिनं वरच्या खोलीत अंधारात बसलेलं मला बघवत नाही. रागवायचं तर माझ्यावर रागव, तिच्यावर नको.”

एवढं बोलून त्यांनी तबकातली हळद दोन बोटांवर घेतली आणि अक्काच्या दोन्ही गालांना लावली. हळद अक्काच्या साडीवर सांडली, देवीच्या पायरीवर सांडली. अक्का लहान मुलीसारखी रडायला लागली आणि सासूबाई तिला ‘स्वल्प गप्प, जरा गप्प’ म्हणत स्वतःच रडत होत्या. अण्णा तसेच बसून होते, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

त्या सकाळनंतर मी पुष्कळ विचार केला आहे. मी जन्मभर देवांना धुडकावत आले, आणि त्याचा मला बऱ्यापैकी अभिमान होता. पण मला कुठल्याच देवाची भीती वाटत नाही, तेव्हा त्यात माझं काय जातं? सासूबाईंना भीती वाटते. त्यांच्या लेखी ती देवी खरी आहे, ती बघते, ती रागावते, ती जावई घेऊन जाऊ शकते. त्या देवीच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांत बघून त्यांनी तिचं ऐकायचं नाकारलं. एवढं धाडस मला कुठल्या नास्तिकात दिसलेलं नाही. आणि त्या ते करू शकल्या, कारण त्यांच्या नवऱ्यानं त्यांना खोटं बोलून सोडवलं नाही. आम्हा सगळ्यांना त्या दिवशी एक खोटं हवं होतं, मला, सासूबाईंना, बहुधा अक्कालाही. न देणारा घरात एकच माणूस निघाला, आणि ज्याला ते सगळ्यात सोपं होतं तोच. मी त्यांना पाकळीवरून बोलले होते. संध्याकाळी मी त्यांच्यासाठी कॉफी केली, साखर जास्त पडली, त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

लग्न नोंदणी करून झालं. जेवण चामराजपेटेतच एका लहान हॉलमध्ये, पानात होळिगे, म्हणजे इथली पुरणपोळी. गोतावळा आला, कारण जेवण सोडायची आमच्याकडे पद्धत नाही. पण कुजबुजही सोबत घेऊन आला. फूल विचारल्याची बातमी सगळीकडे पोचली होती, उत्तराची मात्र पोचली नव्हती. माझ्या नवऱ्यानं आणि मी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं की कुणी विचारलं तर उजवी पडली म्हणायचं. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? आनंदाच्या दिवशी लोकांच्या तोंडी घास द्यायचा की जिवाला घोर?

अक्का लाल काठाच्या पिवळ्या साडीत बसली होती आणि तिचे गिअरवाले तिच्या शेजारी, घामानं डबडबलेले, कुणीही काहीही म्हटलं की मान डोलावत होते. मल्लेश्वरमच्या आत्या पंगतीत सासूबाईंना आडव्या आल्या. मी त्यांच्या मागेच तुपाचं भांडं घेऊन उभी होते. आत्यांनी आवाज खाली आणून विचारलं, देवीनं काय सांगितलं होतं? मी ‘उजवी’ म्हणायला पुढे सरले.

सासूबाईंनी आवाज खाली आणला नाही. पंगतीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या,

“ती नको म्हणाली. मी हो म्हटलं. होळिगे वाढू का अजून एक?”